३४९ रुपयांच्या पकडी आणि श्रीखंडाच्या डब्यातले दागिने

आमच्या सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली माळ फाल्गुनापर्यंत टिकली तर नशीब. आमच्या घरी अशा तुटक्या माळा, एकेकटे झुमके, हूक गेलेली पैंजणं यांनी श्रीखंडाचा एक रिकामा डबा भरला होता. सराफाकडे न्यावं तर "ताई, इमिटेशनचं काम आम्ही नाही करत." टाकून द्यायला जीव होईना. शेवटी ऑनलाइन दुरुस्तीचा संच मागवला, ३४९ रुपयांना. चार महिने वापरून मग लिहितेय.

संचात तीन छोट्या पकडी येतात: चपट्या टोकाची, गोल टोकाची आणि तार कापायची. शिवाय चिमटा, सोनेरी-चंदेरी कड्या, हूक, झुमक्याच्या तारा, रबरी स्टॉपर, गोंदाची ट्यूब, पुसायचं कापड आणि एक इंग्रजी पत्रक.

पकडी झकास. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात काजं-बटणं करते, बारीक कामाची हाताला सवय आहे, तरी पहिल्या दिवशी चार कड्या वाया घालवल्या. कारण मी कडी दोन्ही बाजूंना ताणून फाकवत होते. तशी फाकवली की गोलाई जाते, परत तोंडाला तोंड जुळत नाही आणि माळ पुन्हा गळून पडते. कडी पिळायची असते. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, आणि बंद करताना तसंच उलट. यासाठी दोन चपट्या पकडी लागतात आणि संचात एकच आहे! हे मला अजून कळलेलं नाही. दुसरी मी नवऱ्याच्या इलेक्ट्रिकच्या सामानातली घेते. तिला दाते आहेत, म्हणून टोकाला चिकटपट्टी गुंडाळते, नाहीतर मुलामा खरवडला जातो.

सोनेरी कड्या मात्र रद्दी. आमच्याकडचा एप्रिल माहीत आहे ना, पारा चाळिशीच्या वर आणि मान घामानं चिंब. आठ दिवसांत मुलामा उडाला, खालचं पितळ हिरवं पडलं, मानेवर डाग. आता नवी पेठेतून स्टीलच्या सुट्ट्या कड्या आणते, त्या काळ्या पडत नाहीत.

गोंदाचं तर नावच काढू नका. झटपट चिकटणारा आहे, पण त्याची वाफ खड्यावर बसते आणि पांढरट धुरळा धरतो. लेकीच्या लग्नातल्या सेटचे दोन खडे असे आंधळे झाले. खड्यामागे चंदेरी मुलामा असतो, त्यामुळे पाण्यात बुडवून साफही करता येईना. दोन ट्यूबा मिसळायचा गोंद टाचणीच्या टोकावर घ्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही, हे मी नंतर शिकले.

पत्रकातली चांदीची कृती खरी निघाली. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर पैंजण, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, कारण काळेपणा म्हणजे चांदीवर बसलेलं गंधक, ते फॉइलकडे जातं. पैंजणं लख्ख झाली. त्या आनंदात मी लेकीचे ऑक्सिडाइज्डचे झुमकेही टाकले आणि मुद्दाम आणलेला काळा रंगच धुऊन निघाला. ती अजून बोलून दाखवते. मोत्याची नथ टाकली नाही, तेवढं डोकं चाललं.

रबरी स्टॉपर मात्र सोन्याच्या कुड्यांनाही कामाला येतात. फिरकीच्या मागे एक सरकवून दिला की फिरकी निसटली तरी पडत नाही. तेवढं सोडलं तर सोन्याला मी हात लावत नाही. मंगळसूत्राची कडी झिजली होती, मी पकड घेतली तशा आत्याबाई म्हणाल्या, "ठेव ती खाली. सराफाला डाख मारू दे." बरोबरच होतं. २२ कॅरेटचं सोनं मऊ, झिजलेली कडी पिळली तर तुटूनच हातात येणार.

तेव्हा घ्यायचाच असेल तर पकडींसाठी घ्या, बाकी सामान गळ्यात पडलेलं समजा. तार कापायची पकड चार महिन्यांत बोथट झाली, हेही सांगून ठेवते. सध्या माझ्या डब्यात शेजारच्या काकूंच्या पैंजणाचे तीन घुंगरू पडून आहेत. एवढी बारीक कडी नवी पेठेत मिळाली की लावून देणार.