पीटी-१०९ चं १:७२ किट: बोट झकास, फळी गायब

पीटी-१०९ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन नौदलाची छोटी टॉर्पेडो बोट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन केनेडी तिचा कप्तान होता, आणि हे तिचं प्लास्टिकचं मॉडेल. आधीच सांगून टाकतो, किट घेण्यासारखं आहे. पण बॉक्सवरचं चित्र बघून घेणार असाल तर जरा दमानं, कारण त्या चित्रात भर दुपारी निळ्याशार पाण्यातून बोट सुसाट चाललीये, दोन्ही बाजूंनी टॉर्पेडो सुटतायत, मागे जपानी जहाज पेटलंय, आणि १०९ च्या गाजलेल्या रात्री यातलं काहीही घडलं नाही. या बोटी रात्रीच्या. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांत दिवसा विमानं टिपतील म्हणून त्या किनाऱ्याच्या झाडीत दडवायचे आणि अंधार पडला की बाहेर काढायचे.

कंपनीचं नाव देत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे. मला ऑनलाईन साडेतीन हजारांच्या आसपास पडलं.

८० फुटांची एल्को (बांधणारी कंपनी) बोट या स्केलला साधारण ३४ सेंटीमीटर होते, शोकेसच्या एका कप्प्यात आरामात बसते. हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, डाव्या-उजव्या दोन भागांत आहे, ती शिवण पुट्टी आणि ४०० च्या सँडपेपरने जाते, पण डेक बसवताना पुढे नाकाशी फट राहतेच, तिथे प्लास्टिकची पट्टी घालून मग पुट्टी लावा, नुसती पुट्टी भरली तर वाळल्यावर आक्रसते आणि प्रायमर मारला की चीर परत हजर. हलवर लाकडाचे रेषे कोरलेले नाहीत ते बरंच केलं. खरी बोट प्लायवूडची होती असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, तसं नाही, महोगनीच्या फळ्यांचे दोन थर आणि मधे गोंदात भिजवलेलं कॅनव्हास. आत तीन पॅकार्ड व्ही-१२ इंजिनं आणि ३००० गॅलन हाय-ऑक्टेन पेट्रोल. हो, पेट्रोल! कुठे गोळी बसली तर काय, याचा विचार न केलेलाच बरा. किटमध्ये इंजिन रूम नाहीये, हॅच बंदच चिकटवायचे.

आता टॉर्पेडो ट्यूब्ज. चार आहेत, प्रत्येक दोन अर्ध्या भागांत, म्हणजे चार गोल नळ्यांवरची शिवण घासत बसायचं आणि गोलाई सपाट होऊ द्यायची नाही. एवढं करून प्रत्यक्षात या ट्यूब्ज म्हणजे बोटीचं सगळ्यात लंगडं अंग. आतला मार्क ८ टॉर्पेडो पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाईनचा, वेग २७ नॉटच्या आसपास, आणि ज्याला मारायचं ते जपानी डिस्ट्रॉयर ३५ च्या वर पळणार, म्हणजे पाठलाग करून गाठायचा प्रश्नच नाही. त्यात टॉर्पेडो बाहेर ढकलायला काळी दारू, ती पेटली की कधीकधी ट्यूबमधलं ग्रीसही पेटायचं आणि अंधारात भक्कन उजेड, या मारा आम्हाला. नंतर पीटी बोटींवरच्या ट्यूब्ज काढूनच टाकल्या, हलके मार्क १३ टॉर्पेडो बाजूच्या रॅकवरून सरळ पाण्यात लोटायला लागले. (१९७१ ला कराचीवर गेलेल्या आपल्या नौदलाच्या निपात, निर्घात, वीर या बोटी याच घराण्यातल्या, छोटी बोट आणि मोठी शिकार, पण त्यांच्याकडे मिसाईल होतं. तिथे सगळा फरक पडतो.)

तर १-२ ऑगस्ट १९४३ ची रात्र. सॉलोमनमधल्या ब्लॅकेट सामुद्रधुनीत १५ पीटी बोटी पाठवल्या होत्या, ३० च्या आसपास टॉर्पेडो सोडले, एकही लागला नाही. १०९ ने तर एकही सोडला नाही. मागे फेस चमकला की वरून विमानाला दिसतो म्हणून केनेडीने एकच इंजिन चालू ठेवून बोट हळू ठेवली होती, आणि अंधारातून आमागिरी नावाची जपानी डिस्ट्रॉयर आली ती थेट अंगावरूनच गेली. बोटीवरच्या १३ पैकी दोघे दगावले. त्यामुळे डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) करणाऱ्यांनो, १०९ च्या मागे पांढऱ्या फेसाचा डोंगर उभा करू नका, पाणी काळं आणि जवळजवळ सपाट ठेवा.

माझी खरी तक्रार पुढच्या डेकवर आहे. त्या शेवटच्या फेरीच्या आधी तिथला लाईफ राफ्ट काढून आर्मीची ३७ मिमीची रणगाडाविरोधी तोफ बसवली होती, लाकडी फळ्यांवर आवळून. किटमध्ये राफ्ट आहे, तोफ नाही, फळ्या तर नाहीतच. आणि कथा सगळी त्या लाकडाची आहे हो! बोट फुटल्यावर ज्यांना धड पोहता येत नव्हतं ते त्याच लाकडाला धरून, बूट आणि कंदील त्यावर ठेवून, साडेतीन मैलांवरच्या बेटापर्यंत गेले. केनेडी भाजलेल्या मॅकमॅहन या साथीदाराच्या लाईफ जॅकेटचा पट्टा दातात धरून त्याला ओढत वेगळा पोहत होता. बॉक्सवर '१०९' एवढं मोठं छापून विकता आणि नेमकं हेच विसरता?

मी राफ्ट बाजूला ठेवला, सुट्या पार्टच्या डब्यातली एक तोफ चाकं काढून लावली आणि खाली आइस्क्रीमच्या काडीचे दोन तुकडे घासून बारीक केले. एका संध्याकाळचं काम.

रेलिंगचे खांब शेवयांपेक्षा बारीक आहेत, फ्रेममधून कापताना निम्मे तुटतात, पितळी तार वापरा. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे आकडे-खुणा) मात्र एक नंबर, सॉफ्टनर लावला की रंगवल्यासारखे बसतात. रंगाच्या सूचनेत राखाडी दिलाय तो सोडा, गडद हिरवा घ्या.

पहिलंच किट असेल तर हे नको, दोन-तीन विमानं करून मग या. बाकीच्यांसाठी पाचपैकी साडेतीन. माझ्याकडे दुसरं एक पडून आहे, त्याची केनेडीची पुढची बोट पीटी-५९ करणार, तिच्यावरच्या टॉर्पेडो ट्यूब्ज काढून ४० मिमीच्या तोफा चढवल्या होत्या. म्हणजे नळ्या घासायच्या नाहीत, पण तोफा वेगळ्या विकत घ्याव्या लागतील आणि त्या किटच्या निम्म्या किमतीला पडतायत.