पाच स्क्रिप्ट, एक कमांड: बॅश की मेक?

रोज रात्री पाच स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) चालवायच्या आहेत: फायली डाउनलोड करणारी, त्या साफ करणारी, बेरजा मारणारी, अहवाल काढणारी आणि बॅकअप घेणारी. लिनक्सवर यासाठी चार-पाच मार्ग आहेत. पण निवडण्याआधी एवढंच बघा, की तिसरी स्क्रिप्ट दुसरीच्या निकालावर अवलंबून आहे का?

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाच ओळी टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग, आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. क्रॉनला वेळ कळते, क्रम कळत नाही. डाउनलोड रेंगाळलं तरी साफसफाई ठरल्या वेळी सुरू होणारच.

त्यापेक्षा एक बॅश स्क्रिप्ट (बॅश म्हणजे लिहिलेल्या कमांड ओळीने चालवणारा प्रोग्राम) लिहून तिच्यातून पाचही बोलवा. क्रॉनमध्ये ओळ एकच राहते, वाचणाऱ्याला सगळं वरून खाली दिसतं. मात्र एखादी कमांड फसली तरी बॅश मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातं. माझ्या अहवालात तीन दिवस तेच आकडे येत होते. डाउनलोड बंद पडलं होतं आणि बाकीच्या स्क्रिप्ट जुन्याच फायली इमानेइतबारे दळत होत्या. वर 'सेट -ई' (कमांड फसली की तिथेच थांब) लिहिलं असतं तर पहिल्याच रात्री कळलं असतं. त्याच्या जोडीला 'पाइपफेल'ही लावा. नाहीतर पाइपने (एकीचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या उभ्या रेघेने) जोडलेल्या कमांडपैकी फक्त शेवटचीचा निकाल धरला जातो.

स्क्रिप्ट एकमेकींवर अवलंबून नसतील तर एकाच वेळी सोडता येतात. प्रत्येकीच्या ओळीच्या टोकाला अँपरसँड (&) आणि सगळ्यात शेवटी 'वेट' (सगळ्या संपेपर्यंत थांब) लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण नुसतं 'वेट' शून्यच परत देतं, म्हणजे सगळ्या फसल्या तरी निकाल 'यशस्वी'! प्रत्येकीचा प्रोसेस क्रमांक साठवून वेगवेगळं 'वेट' करावं लागतं. त्यापेक्षा यादीतल्या प्रत्येकासाठी कमांड चालवणारं 'एक्सआर्ग्स -पी ४' सोपं: एका वेळी चारच चालतात, आणि स्क्रिप्ट नेहमीसारखा एरर कोड देऊन फसली तर शेवटी १२३ हा कोड मिळतो.

मेकचा विचार वेगळा. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हे साधन प्रोग्राम बांधण्यासाठी लिहिलं, पण आपल्या कामालाही चपखल बसतं. कोणती फाइल कशापासून बनते हे सांगायचं; मेक फायलींच्या वेळा ताडून जेवढं शिळं झालंय तेवढंच पुन्हा करतं. चौथी पायरी फसली तर दुरुस्त करून पुन्हा 'मेक' म्हणा, सुरुवात चौथीपासून. तासभराचं डाउनलोड पुन्हा होत नाही. '-जे ४' दिलं की स्वतंत्र पायऱ्या एकत्र धावतात.

त्रासही आहे. मेकफाइलमध्ये (मेकच्या सूचनांच्या फायलीत) कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला स्पेस नव्हे, टॅबच लागतो. प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, म्हणून एका ओळीतला 'सीडी', म्हणजे फोल्डर बदलणं, पुढच्या ओळीला माहीत नसतो. स्क्रिप्ट अर्धवट फाइल लिहून फसली तर पुढच्या वेळी मेक तिला तयारच समजतं. त्यासाठी 'डिलीट-ऑन-एरर' हे लक्ष्य मेकफाइलमध्ये लिहून ठेवावं. आणि ज्या पायरीतून फाइलच निघत नाही, तिथे मेकचा उपयोग फारसा नाही.

वरच्या पाचांसाठी मी आज बॅशच घेईन. डाउनलोड दहा मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा मधूनच सुरू करायला आधीच्या ओळींपुढे हॅश (#) टाकून त्या वगळायची वेळ आठवड्यात दुसऱ्यांदा आली, की पहिल्या चार मेकमध्ये हलवीन. बॅकअप बॅशमध्येच राहील.