हलक्या गाडीला कोणते टायर? माझदा एमएक्स-५ आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ५

टायर विकणारा दुकानदार गाडीचे वजन क्वचितच विचारतो. रिमचा आकार, टायरची रुंदी आणि गिऱ्हाइकाची खर्चाची तयारी, एवढ्यावर त्याचे काम भागते आणि कुटुंबाच्या दीड टनी गाडीपुरते ते चुकीचेही नसते. माझदा एमएक्स-५ सारखी दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी आणि चालकासकट जेमतेम अकराशे किलो भरणारी गाडी मात्र या हिशेबात बसत नाही, कारण जड गाडीवर ज्या गुणांमुळे टायर चांगला ठरतो त्यांतले काही गुण हलक्या गाडीवर निरुपयोगी, तर काही चक्क अडचणीचे ठरतात. इंग्लंडमध्ये पीक डिस्ट्रिक्टच्या रस्त्यांवर २.० लिटर इंजिनाची चौथ्या पिढीची एमएक्स-५ चालवताना मी मिशेलिन पायलट स्पोर्ट ५ हे टायर का निवडले आणि ते कसे वाटले, हे येथे सविस्तर मांडत आहे.

कारखान्यातून ही गाडी ब्रिजस्टोन पोटेन्झा एस००१ या टायरवर येते. त्याचा आकार २०५/४५ आर १७ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल रुंदीच्या ४५ टक्के उंच, रिम १७ इंची) आणि पुढचा आकडा ८४. हा ८४ म्हणजे भारांक, म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची क्षमता ५०० किलो. चार टायर मिळून २,००० किलो पेलतात, आणि दोन माणसे व सामान भरूनही ही गाडी तेराशे किलोच्या आसपासच राहते. तरीही याच आकारात आज बाजारात जे उत्तम टायर मिळतात, त्यांपैकी बहुतेकांवर ८८ आणि ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) अशी खूण असते. ८८ म्हणजे ५६० किलो. ही वाढीव क्षमता फुकट मिळत नाही: साध्या टायरचा भारांक ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवेला मोजलेला असतो, तर एक्सएलचा ४२ पीएसआयला. दोन्हींत हवा सारखीच भरली, तर पेलण्याच्या क्षमतेत म्हणावा असा फरक उरत नाही. उरते ती फक्त जास्त ताठ बांधणी, आणि तिचा परिणाम हलक्या गाडीत बसणाऱ्याला खडीच्या रस्त्यावर लगेच कळतो. मी घेतलेला पायलट स्पोर्ट ५ हाही ८८ एक्सएलच आहे. भारांक ८४ चा, पण पावसात तितकाच भरवशाचा टायर सहज मिळाला असता, तर मी तोच घेतला असता.

निवडीचा माझा मुख्य निकष पाणी हा होता. कोकणातला आषाढ पाहिलेल्या माणसाला इंग्लंडचा पाऊस हा पाऊसच वाटत नाही, पण टायरचा प्रश्न सरींच्या जोराचा नसून रस्त्याच्या सततच्या ओलीचा आहे, आणि ती इथे वर्षातले कितीतरी महिने सुटत नाही. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की एका विशिष्ट वेगानंतर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. नासामध्ये विमानांच्या टायरसाठी बसवलेले एक सूत्र असे सांगते, की हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो: पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणले की नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) वेग मिळतो. मोटारीला ते तंतोतंत लागू होत नाही, तरी अंदाज येण्यापुरते पुरेसे आहे. ३६ पीएसआयवर हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, तर एमएक्स-५ ला सांगितलेल्या २९ पीएसआयवर तो ९० च्या आसपास, म्हणजे ताशी ५६ मैल येतो. हलक्या गाडीत हवा कमी ठेवावी लागते, आणि हवा कमी म्हणून तिचा टायर लवकर तरंगतो. या कोंडीतून वाचवणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायरवरच्या खाचा. कोरड्या रस्त्यावर किती पकड मिळते हा प्रश्न माझ्या दृष्टीने म्हणूनच दुसऱ्या क्रमांकाचा होता. सार्वजनिक रस्त्यावर कायद्याच्या वेगात कोणताही चांगला टायर ही गाडी धरून ठेवतो.

याच कारणाने रुंद टायरचा मोहही मी टाळला. २०५ ऐवजी २१५ चे टायर बसवणारे अनेक जण भेटतात आणि गाडी मागून रुबाबदार दिसते हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा, हे मुख्यतः वजन आणि हवा यांवर ठरते. रुंदी वाढवली की तो भाग मोठा होण्याऐवजी आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, त्यामुळे पाणी बाजूला सारायला टायरला कमी अवधी मिळतो. शिवाय ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. दिखाव्यासाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

अर्ध-रेसिंग टायरांचा विचार थोडक्यात उरकतो. योकोहामा अॅडव्हान ए०५२ सारखे टायर ट्रॅकवर अप्रतिम काम करतात, पण त्यांचे रबर तापल्यावर खुलते, आणि अकराशे किलोंची गाडी सकाळच्या थंड रस्त्यावर त्यांना तेवढे तापवूच शकत नाही. बाराही महिने, बर्फातसुद्धा गाडी काढणाऱ्यांनी मात्र मिशेलिनच्याच क्रॉसक्लायमेट २ चा गंभीरपणे विचार करावा. त्यावर तीन शिखरे आणि हिमकणाचे, म्हणजे बर्फात चालण्याचे चिन्ह असते आणि सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते तेव्हा हा टायर मऊ राहतो. माझी गाडी बर्फात घराबाहेर पडत नाही, म्हणून मी उन्हाळी टायरच घेतले.

पायलट स्पोर्ट ५ हा २०२२ मध्ये आधीच्या पायलट स्पोर्ट ४ च्या जागी आला. त्याच्या नक्षीचे दोन भाग सरळ डोळ्यांना दिसतात: बाहेरच्या अंगाला मोठे, सलग ठोकळे, जे वळणावर गाडीचा भार घेतात, आणि आतल्या अंगाला पाणी वाहून नेणाऱ्या लांब खाचा. त्यामुळे टायरची बाहेरची बाजू बाहेरच बसायला हवी. युरोपीय लेबलवर ओल्या पकडीसाठी त्याला ‘ए’ हा सर्वोच्च दर्जा आहे.

नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर रबरावर असतो. त्यानंतर ग्लॉसॉपहून शेफील्डकडे जाणाऱ्या स्नेक पासवर गाडी नेली, तेव्हा या टायरचा खरा गुण दिसला. त्या रस्त्यावर डोंगरातून झिरपणारे पाणी वळणाच्या मधोमध आडवे वाहते, म्हणजे अर्धे वळण कोरडे आणि अर्धे ओले. अशा जागी पुढची चाके पाण्याचा पट्टा ओलांडताना स्टिअरिंग क्षणभर हलके होते आणि लगेच पुन्हा भरते, म्हणजे हाताला पहिल्यासारखे जड लागते. ते भरणे इतके शांत आणि अपेक्षित होते, की हाताला काही दुरुस्ती करावी लागली नाही. घसरण्याच्या आधी टायर पुरेशी सूचना देतो, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत मला पकडीच्या शेवटच्या थेंबापेक्षा ही सूचना मोलाची वाटते. मॅकल्सफील्ड ते बक्सटन या कॅट अँड फिडल रस्त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर मात्र ताठ साइडवॉल जाणवतो. लहान खड्डे आसनापर्यंत पोचतात, आणि नव्या नक्षीचे उंच ठोकळे असेपर्यंत स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद किंचित सैल वाटतो. हा दोष नव्हे. पावसातल्या भरवशासाठी मोजलेली ही किंमत आहे.

टायर बसवून घेताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ज्या गॅरेजमध्ये मी ते बसवले, तिथल्या कारागिराने एक्सएलची खूण पाहून चारही चाकांत ३६ पीएसआय हवा भरली आणि वर ‘जड टायरला एवढी लागतेच’ असे सांगितले. दाराच्या चौकटीवरचे लेबल दाखवल्यावर त्याने ती २९ वर आणली, आणि परतीच्या वाटेवर गाडी उड्या मारायची थांबली. पाण्याच्या सूत्राचा हवाला देऊन कोणी जादा हवेचे समर्थन करील, पण तरंगण्याचा वेग दहा किलोमीटरने वाढवण्यासाठी रोजची पकड कमी करणे हा वाईट सौदा आहे. हवा बदलल्यावर डॅशबोर्डवरची दाबाची सूचना यंत्रणा बटण दाबून नव्याने जुळवून घ्यावी, कारण ती प्रत्यक्ष दाब न मोजता चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधते. दुसरे म्हणजे साइडवॉलवरचे चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हलक्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, म्हणून दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

ब्रिटनचा कायदा १.६ मिलिमीटर खोल नक्षी असेपर्यंत टायर चालवू देतो आणि त्याखाली गेल्यास प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड व परवान्यावर दंडाचे तीन गुण असा फटका बसतो. वरचा पाण्याचा हिशेब पाहता मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलतो. या गाडीत जादा चाक नसते, पंक्चरसाठी द्रव आणि पंप तेवढा मिळतो, आणि साइडवॉल फाटला तर त्याचा काही उपयोग नाही. फुटपाथच्या कडेला गाडी लावताना हे ध्यानात असावे.

किंमत मधल्या दर्जाच्या टायरांपेक्षा बरीच जास्त आहे, पण वर्षाला थोडेच किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ती एकदा मोजली की बराच काळ प्रश्न मिटतो. ज्यांची गाडी १.५ लिटरची आहे आणि १९५/५० आर १६ वर धावते, त्यांनी मात्र या टायरसाठी १७ इंची रिमवर जाऊ नये. त्यांचा साइडवॉल पाच मिलिमीटरने उंच आहे आणि खराब रस्त्यावर ती गाडी माझ्या गाडीपेक्षा आरामात चालते.