युद्धकाळातील नागरिकांचे संरक्षण : दादरमधील दोन दिवसांची कार्यशाळा

सशस्त्र संघर्षात नागरिकांचे संरक्षण कसे करायचे, या विषयावर एका स्वयंसेवी संस्थेने दादरला शनिवार-रविवार घेतलेल्या कार्यशाळेला मी गेलो होतो. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी चौथा नागरिकांसाठी आहे, एवढे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यापुढे मला फारसे सांगता येत नसे.

शनिवारी दुपारचा सराव हा या कार्यशाळेचा खरा गाभा. टेबलावर एका वस्तीचा नकाशा पसरला होता : तीन मजली चाळ, तिच्या तळमजल्यावर दारूगोळ्याचा साठा, शेजारी पाण्याची टाकी, रस्त्यापलीकडे प्रसूतिगृह. हल्ला करायचा का, केव्हा आणि कोणत्या शस्त्राने, हे गटाने ठरवायचे होते. रहिवाशांना आगाऊ इशारा द्यायचे ठरवून आम्ही निर्धास्त झालो, तेव्हा प्रशिक्षिकेने तिसऱ्या मजल्यावर एक सोंगटी ठेवली आणि या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, असे सांगितले. “इशारा दिला होता ना, मग त्या थांबल्या कशाला?” असे आमच्यातल्या एकाने विचारले. इशारा दिल्याने हल्ला करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, मागे राहिलेला माणूस नागरिकच असतो आणि अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला थांबवावाच लागतो, हे बाईंनी जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील (पूरक करारातील) कलम ५१ आणि ५७ दाखवून समजावले. चाळीत साठा ठेवणाराही दोषी असतो, पण त्याच्या दोषामुळे दुसऱ्या पक्षाची बंधने सुटत नाहीत. त्यानंतर बराच वेळ माझी नजर त्या सोंगटीवरून हटली नाही.

भारत या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. तरीही नागरिक व सैनिक यांत भेद करण्याचा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा, म्हणजे देशांच्या प्रथेतून रुजलेल्या नियमांचा, भाग असल्याने सर्वांना बंधनकारक आहे, हा मुद्दाही स्पष्ट झाला. आपल्याकडील १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार रेडक्रॉसचे चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे मला नवीन होते. सभागृहाबाहेर पडल्यावर स्टेशनपर्यंतच्या वाटेवर ते चिन्ह मला दोन दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. टिपणे पूर्णपणे इंग्रजीत होती, आणि पडद्यावर ‘आनुषंगिक हानी’ असे शब्द झळकत राहिले. माणसे मेली, असे सरळ लिहायला हवे होते. देशांतर्गत संघर्षांना लागू होणारे, चारही करारांतील समान कलम ३ रविवारी जेवणाआधी घाईने उरकले, आणि आजचे बहुतेक संघर्ष याच प्रकारचे असल्याने ही घाई मला फार खटकली.

शिक्षकांनी, वकिलांनी आणि नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांनी ही कार्यशाळा जरूर करावी. मराठी टिपणे मिळणार असतील, तर मी माझ्या शाळेतील दोन सहकाऱ्यांना पुढच्या वेळी पाठवणार आहे. तसे आयोजकांना लेखी कळवलेही आहे.