बाहेरून मोजलेला बॉक्स

गाडीत सबवूफर, म्हणजे खालच्या खर्ज सुरांचा मोठा स्पीकर, बसवायचा विचार करत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे बॉक्सचे साडेचार हजार, वर पोर्टचे (बॉक्सला भोक पाडून बसवलेल्या पाईपचे) दीड हजार आणि शेवटी ड्रायव्हरची, म्हणजे बॉक्समध्ये बसणाऱ्या मूळ स्पीकरची, कॉइल, सगळं गेलं. आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत, टेप लावून, कॅल्क्युलेटरवर हिशेब करून झालं.

बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गाडीत अभंग लावला की टाळ, पेटी, आवाज सगळं ऐकू यायचं, पण पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू गायब. म्हणून दिवाळीच्या बोनसमधून १२ इंची सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला. सबवूफरबरोबर कंपनीचा कागद होता. त्यावर बंद बॉक्ससाठी ६० लिटर, म्हणजे सुमारे २.१ घनफूट, असं स्पष्ट लिहिलेलं. तो कागद घेऊन मी पुण्यातल्या एका कार डेकोरच्या दुकानात गेलो.

मालकाने कागद नीट वाचला. "तुमच्या मापाने बनवून देतो साहेब, १८ मिलिमीटर प्लायवूडमध्ये." चार दिवसांनी बॉक्स तयार होता, वरून काळं कार्पेट, समोरची बाजू तिरकी. त्याने माझ्यासमोर टेप लावली. रुंदी २०, उंची १४, तळाशी खोली १३ इंच. गुणाकार ३६४० घनइंच, त्याला १७२८ ने (एका घनफुटातले घनइंच) भागलं, उत्तर २.१. "बघा, कागदाप्रमाणे बरोबर." मी समाधानाने पैसे दिले.

या हिशेबात दोन लबाड्या आहेत आणि दोन्ही नजरेसमोर असून दिसत नाहीत. माप बाहेरून घेतलेलं आहे. हवा असते आत, आणि १८ मिलिमीटरची फळी दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक मापातून जवळपास दीड इंच खाते. दुसरी लबाडी तिरक्या बाजूची. बॉक्स तळाशी १३ इंच खोल असला तरी वर फक्त ९ इंच होता. अशा वेळी दोन्हींची सरासरी, म्हणजे ११, धरायला हवी. त्याने १३ धरले. शिवाय ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि सांगाडा आत घुसून दोन-तीन लिटर जागा अडवतात, तेही वजा करावे लागतात. हे सगळं करून माझ्या '२.१ घनफूट' बॉक्समध्ये ३४ लिटर हवा उरत होती. ६० च्या जागी ३४!

त्यामुळे काय होतं, हे मला नंतर कळलं. सबवूफरच्या कागदावर तीन आकडे असतात: एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (त्या सुरावर तो किती घुमतो) आणि व्हीएएस (त्याच्या लवचीकपणाइतकी स्प्रिंग देणारी हवा, लिटरमध्ये). नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात यावर काम केलं, म्हणून त्यांना थील-स्मॉलचे आकडे म्हणतात. माझ्या ड्रायव्हरचे होते ३० हर्ट्‌झ, ०.५ आणि ६० लिटर. बंद बॉक्सचा हिशेब सोपा आहे. सपाट, स्वच्छ बाससाठी बॉक्समध्ये बसवल्यावरचा घुमण्याचा आकडा ०.७०७ धरतात. त्याला क्यूटीएसने भागायचं, आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा, त्यातून १ वजा करायचा आणि व्हीएएसला त्याने भागायचं. ०.७०७ भागिले ०.५ म्हणजे १.४१४, वर्ग २, वजा १ केल्यावर १. म्हणून ६० लिटर. एवढ्या जागेत ड्रायव्हरचा स्वतःचा सूर ३० वरून ४२ हर्ट्‌झच्या आसपास चढतो. ३४ लिटरमध्ये तो ५० वर जातो आणि तिथे फुगवटा येतो. खालचा खर्ज आटतो, वरचा एकच सूर घुमत राहतो. बाबा मागच्या सीटवर बसून दोन मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, डाव्या बाजूला कणीकच लावली नाही असं वाजतंय." त्यांना हर्ट्‌झ माहीत नाहीत, पण त्यांचं निदान अचूक होतं.

मी दुकानात परत गेलो. खरं नुकसान तिथे झालं. "पोर्ट मारून देतो साहेब, बास दुप्पट होईल." दीड हजार घेऊन त्याने बॉक्सला भोक पाडलं आणि ४ इंच व्यासाचा, ६ इंच लांबीचा पाईप बसवला. पहिले दोन दिवस आवाज खरंच मोठा वाटला. एवढ्या बॉक्सला तो पाईप ५६ हर्ट्‌झच्या आसपास सूर देतो. त्याच्या बऱ्याच खालचा सूर आला की बॉक्समधली हवा पाईपमधून नुसती आत-बाहेर करते आणि कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, टेकू राहत नाही. मग कोन मोकाट हलतो. ३५ हर्ट्‌झपर्यंत उतरायचं तर त्याच जाडीचा पाईप सुमारे ५० सेंटिमीटर लांब लागला असता आणि माझ्या बॉक्सची आतली खोली सरासरी २४ सेंटिमीटर! ०.५ च्या आसपास क्यूटीएस असलेला ड्रायव्हर मुळात बंद बॉक्सलाच जास्त मानवतो. तो कागद ज्याने वाचला, त्याला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका गाण्यात खडखड झाली आणि आवाज बंद. कॉइल मागच्या पत्र्यावर आपटून गेली होती. वॉरंटीवाल्यांनी हात वर केले. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच आवाज जास्त ठेवला." माझ्याकडे पुरावा म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेलं 'बॉक्स ४५००' आणि यूपीआयची नोंद. ना लिटर, ना लाकडाचा प्रकार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर दुकानाचं उत्तर आलं की ग्राहकाने हाच आकार मागितला होता. पक्क्या बिलावर 'आतून निव्वळ ६० लिटर, प्लायवूड' एवढे शब्द असते तर त्याला हे म्हणता आलं नसतं.

घरी बॉक्स उघडला. कार्पेट ओढलं तर खाली भुशाचा पार्टिकल बोर्ड, स्क्रू फिरवला की भुगा गळत होता. पाईप काढला, भोकाला बाहेरून जाड पट्टी चिकटवली आणि आईच्या एक लिटरच्या मापाने आत ज्वारी ओतली. ३७ मापांत बॉक्स काठोकाठ भरला. तिरका बॉक्स, वाकडी बाजू, कसलाही आकार असो, धान्य आतली जागा बरोबर दाखवतं. ड्रायव्हर बसवायच्या आधी, दुकानातच हे करायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून बॉक्स घेऊ नका.

नवा बॉक्स घरचं फर्निचर करणाऱ्या सुतारमामांनी केला. त्यांना मी फक्त आतली मापं दिली: २०, १४ आणि पावणेचौदा इंच, म्हणजे ६३ लिटर, त्यातले तीन ड्रायव्हरचे. सांधे आतून फेविकॉलने भरून घेतले, कारण बंद बॉक्समधून हवा गळली की सगळा हिशेब वाया. बाबांनी ज्वारी स्वतः मोजली, मोठ्याने आकडे म्हणत. बावीसशे रुपयांत कॉइल बदलून आणली.

पहिल्या रविवारी गावाकडे जाताना बाबांनी एकच अभंग तीनदा लावायला सांगितला. दुकानातले सहा हजार अजून परत आलेले नाहीत.