500 एल.पी. ठेवायच्या कुठे: सुताराचे खण की पत्र्याचं कपाट?

एल.पी.चा, म्हणजे बारा इंची लाँग-प्ले तबकड्यांचा, संग्रह 500 पर्यंत गेला की आधी वजनाचा हिशेब करावा, शोभेचा नंतर. जॅकेटसकट, म्हणजे पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट, एक एल.पी. साधारण पाव किलोची. फूटभर फळीवर 60-70 मावतात. म्हणजे सव्वाशे किलो वजन आणि जवळपास आठ फूट फळी.

सुताराकडून उघडे खण करून घेणार असाल तर 18 मिमीचा प्लाय सांगा. पार्टिकल बोर्डाला या वजनाने बाक येतो. जॅकेट साडेएकतीस सेंटिमीटरचं असतं, म्हणून खण आतून 34 उंच, 34 खोल. रुंदी मात्र 40 च्या वर नको. सुतार तीन फुटी खण सुचवेल, ऐकू नका. रुंद खणातून दहा-बारा एल.पी. काढल्या की बाकीच्या कलतात, आणि कललेली तबकडी एप्रिल-मेच्या उकाड्यात वाकते. आडव्या थप्प्या तर नकोतच: खालच्या जॅकेटांवर तबकडीचा गोल वळ उठतो. बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा मागे 5 सेंटिमीटर फट ठेवा. उघड्या खणात धूळ बसते हे खरं, पण हवा खेळती राहते.

पत्र्याच्या कपाटाला वाळवी लागत नाही, कुलूप लागतं. पण तीन फुटी कप्प्यात 200 एल.पी. बसतात, म्हणजे 50 किलो. एवढ्याने पातळ पत्रा मधोमध दबतो. त्यावर प्लायची फळी घालून उभ्या पट्ट्या ठोकून घ्याव्या लागतात. कपाट 19 इंच खोल, त्यामुळे मागची सहा इंच जागा वाया. खरी अडचण कोंडलेल्या दमट हवेची. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात जुलैमध्ये जॅकेटांवर बुरशी धरते. ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून चालतं, पण रंग बदलला की ते ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवायला हवं. हे पावसाळाभर जमणार नसेल तर कपाटाच्या फंदात पडू नये. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. पुणे-नाशिककडच्या हवेत कपाट बरंच सुसह्य.

दर्शनी भागासाठी भिंतीवर 4 सेंटिमीटर रुंदीची, पुढे ओठ असलेली पट्टी पुरते. तिच्यावर रिकामं जॅकेट ठेवा. तबकडी आतल्या पाकिटात घालून खणातच उभी. समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर रंग उडतातच.

78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या यांत मिसळू नयेत. लाखेच्या असल्याने त्या ठिसूळ, शिवाय दहा इंची तबकडी एल.पी.च्या रांगेत हरवते. त्यांनाही उभंच, पण वेगळ्या खणात ठेवा. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या सात इंची ई.पी. तबकड्यांना आतून 19 सेंटिमीटर रुंदीची लाकडी पेटी करून घ्या आणि अक्षरवार पुठ्ठ्याचे दुभाजक घाला. पुढून चाळता येतात.