उंदीर पळवायचं मशीन: आठ महिने वापरून

प्लगवालं अल्ट्रासॉनिक मशीन, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं उंदीर पळवतो म्हणणारं, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गेल्या आठवड्यात उंदरांनी वॉशिंग मशीनची वायरिंग कुरतडली. 'उंदराचं वॉरंटीत येत नाही' म्हणत मेकॅनिकनं पूर्ण बिल हातात दिलं. आणि हे मशीन तिथून हातभरावर चालू होतं! म्हणून लिहितोय.

आधी तो निळा लाइट. बंद करायला बटनच नाही. आम्ही उन्हाळ्यात कूलरसाठी सगळे हॉलमध्ये झोपतो, आणि रात्रभर छत निळं. काळी टेप लावली, तर नागपूरच्या मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन ती खाली. एवढं बटन द्यायला किती पैसे लागतात हो? साडेआठशे घेतले ना?

तेव्हा मी पाच स्टार दिले होते, कारण उन्हाळाभर उंदीर दिसला नाही. पावसाळ्यात कूलर बंद झाला, त्यातली खस वाळली आणि तिच्यात पिल्लांसकट संसार थाटलेला सापडला. तीन स्टार काढले.

कस्टमर केअरची बाई म्हणते, "सर, आवाज भिंतीपलीकडे जात नाही, प्रत्येक खोलीत एक लावा." खरं आहे, तो कपाटालाही अडतो. मग खोक्यावर 'पूर्ण घरासाठी' कशाला छापलं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २००१ मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

इतवारीतला हार्डवेअरवाला जास्त कामाचा निघाला. "मशीन कायले पाह्यजे भाऊ? भोकं बुजवा ना आधी." घरातल्या लहान उंदराला सहा मिलिमीटरची, पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. सिंकच्या आणि एसीच्या पाइपाभोवती तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपलं, वॉशिंग मशीनच्या बुडाला जाळी बसवली. खर्च मशीनच्या निम्माही नाही. उरलेले दोन पिंजऱ्यात गेले, शेंगदाण्याला भुलून. पिंजरा बारीक जाळीचाच घ्या, मोठ्या गजांमधून हे निघून जातात. विषाची वडी मी आणली नाही. खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि फॉल सीलिंगमध्ये मेला तर वास आपणच घ्यायचा.

आता डक्टला जाळी लावायची राहिलीय, ती सोसायटीनं लावायची. सेक्रेटरी काका म्हणतात, जाळी नको, मेंटेनन्सच्या पैशातून प्रत्येक मजल्यावर हेच मशीन लावू. रविवारी मीटिंग आहे.